कुंदाताईंचा तात्पुरता सर्व्हर

कुंदाताईंचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्या कुणाला तरी घर पाडल्याबद्दल जाब विचारत होत्या.

"आपण काल संध्याकाळी दुसऱ्याचं घर पाडलंत. अर्धवट नाही, पार पायासकट. कारण कळेल का?"

मी त्यांच्या उघड्या दारात विरजणासाठी वाटी घेऊन उभी होते. पुण्यात विश्रांतवाडीच्या त्या इमारतीत राहायला येऊन मला आठवडाही झाला नव्हता. वरच्या मजल्यावर आम्ही तिघी भाड्यानं राहायचो. तिघी विदर्भातल्या, तिघी सॉफ्टवेअर कंपन्यांत. दारातून दिसणारी बाई पंचावन्नच्या आसपासची, ठेंगणी, कडक इस्त्रीची सुती साडी नेसलेली. कानाशी फोनचा रिसीव्हर होता. मला वाटलं, बाई महापालिकेच्या अतिक्रमण खात्यात असणार.

"ठीक आहे. मग आता ते परत बांधून द्या. खिडक्या निळ्या होत्या, लक्षात असू द्या." फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "काय हवंय आपल्याला?"

"विरजण. वरच्या मजल्यावर राहते मी, रश्मी. वाशीमची."

"वाटी कोरडी आहे ना?"

विरजण मिळालं, पण मला राहवेना. "कोणाचं घर पाडलं हो?"

"घर खोटंच आहे," कुंदाताई म्हणाल्या, "पण ज्याचं पडलं तो सकाळपासून खरोखर रडतोय. या, दाखवते."

बाहेरच्या खोलीत शिवणयंत्राशेजारी एक संगणक घरघरत होता. पडद्यावर अफाट मैदान, डोंगर, नदी, आणि सगळं ठोकळ्यांचं. या खेळात माणसं आपापल्या घरून यायची, ठोकळे खणायची, घरं-वाडे-देवळं बांधायची. ते सगळं जग ज्या संगणकावर चालतं तो सर्व्हर. तो सुरू तर जग सुरू, तो बंद तर जग बंद. त्या जगात दोन-अडीचशे मराठी माणसांचं जाणं-येणं होतं, आणि त्याची सगळी व्यवस्था बँकेतून निवृत्त झालेली ही बाई बघत होती. फुकट.

हे असं का, हे कुतूहल मला त्या दिवशी जे लागलं ते आजही पुरतं शमलेलं नाही.

कुंदाताई एका बँकेत काउंटरवर होत्या. बँकांमध्ये संगणक आले आणि पाठोपाठ स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. बरोबरीच्या बायकांपैकी कुणी चारधाम केला, कुणी सुनेच्या बाळंतपणाला परदेशी गेली. कुंदाताई कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर क्लासला गेल्या. "ज्यानं माझी खुर्ची घेतली तो आहे तरी कोण, एकदा बघावं म्हटलं," असं त्या सांगायच्या. क्लासात सगळी कॉलेजची पोरं. शिकवणी संपली की ती हा खेळ खेळत बसायची. कुंदाताई मागे उभ्या राहून बघायच्या, प्रश्न विचारायच्या. हा डोंगर कोणी ठेवला? नदी संपते कुठं? घराला दार नाही लावलं तर काय होतं? प्रश्नांची उत्तरं मिळेनात, तेव्हा स्वतःच खेळायला लागल्या.

पुढं क्लास बंद पडला. पोरांचं जग ज्या यंत्रावर होतं ते विकायला निघालं. सगळी हवालदिल झाली. कुंदाताई म्हणाल्या, "दुसरी सोय होईपर्यंत माझ्याकडे ठेवा. तात्पुरतं."

ते तात्पुरतं चार वर्षं चाललं.

चालवण्याची त्यांची पद्धत सगळी बँकेतली होती. सर्व्हर सकाळी नऊला उघडायचा, रात्री दहाला शटर खाली. लहान-मोठं न बघता सगळ्यांना अहो-जाहो. "काउंटरवर समोरचा कोण आहे हे कळायच्या आत अहो म्हणून टाकायचं, पुढचे वाद निम्मे होतात," हे त्यांचं मत. माउसचं चाक फिरवायला त्या बोटात नोटा मोजायची रबरी टोपी घालायच्या. बोटाला सवय, म्हणायच्या.

कुणी दुसऱ्याचं बांधकाम पाडलं तर त्याला बाहेर काढायचं, आणि परत यायचं असेल तर माफीनामा, तोही शुद्ध मराठीत. मांजरी गावचा ओंकार नावाचा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता, खेळात 'तुफान' हे नाव घ्यायचा आणि नावाला जागायचा. निळ्या खिडक्यांचं घर त्यानंच पाडलं होतं. त्याचा माफीनामा कुंदाताईंनी ऱ्हस्व-दीर्घासाठी दोनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा त्यानं वैतागून लिहिलं, 'ताई, यापेक्षा घर बांधणं सोपं होतं.' कुंदाताईंचं उत्तर आलं: 'अगदी बरोबर. हेच आपल्याला कळावं असा हेतू होता.' तेव्हापासून ओंकार त्यांचा भक्त झाला. घरं पाडायचा अधूनमधून, पण त्यांना सांगून.

मी संध्याकाळी कामावरून आले की चहाला त्यांच्याकडे डोकवायची. कुंदाताईंचे यजमान, नाना, कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, निवृत्त. रेडिओ लावून खिडकीशी बसायचे. कधी उठून पडद्यापाशी यायचे आणि एखाद्या वाड्याकडे बघून म्हणायचे, "हा जिना इथं कोसळेल." कुंदाताई म्हणायच्या, "अहो, इथं काही कोसळत नाही. कोणीतरी पाडावंच लागतं."

मला मजा वाटायची ती त्या जगात काय काय बांधलं जातं याची. कुणी आपली शाळा बांधली होती, घंटेसकट. अबोली नावानं येणारी कुणी एक होती. तिनं नुसतंच एक तळं खणलं होतं. ती कधी काही बोलायची नाही. यायची, तळ्याकाठी थांबायची, जायची. आणि अकोल्याचे देशमुखकाका होते. त्यांचा मुलगा परदेशी. बाप-लेक मिळून रविवारी त्या जगात आपला विकलेला मळा पुन्हा उभा करत होते.

एक दिवस या देशमुखकाकांचा फोन आला. कुंदाताईंनी आपला घरचा नंबर सगळ्यांना देऊन ठेवलेला होता. काउंटरवर बसलेल्या माणसानं लपायचं नसतं, असं त्यांना वाटायचं.

"ताई, माझ्या पोराची संध्याकाळ आपल्या रात्री होते. एरवीच्या दिवशी दहाला तुम्ही बंद करता, तवा तो हापिसातून येऊन राहिला असते. थोडं उघडं ठेवता का?"

कुंदाताईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्याच मुलखातली बोली ती, मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ठेवते."

मला वाटतं, तिथून ते सुरू झालं. शटर एकदा वर गेलं ते गेलंच. रात्रभर माणसं यायला लागली, आणि राखण करायला कुणी नाही म्हणताना पाडापाडी वाढली. सकाळी चहाच्या आधी कुंदाताई रात्रीचा राडा निस्तरायला बसायच्या. आदल्या दिवशीची प्रत काढून ठेवलेली असायची. त्यातून काय मोडलं, कोणी मोडलं ते शोधायचं, पुन्हा उभं करायचं. तेवढ्यात फोन सुरू. माझी भिंत गेली, माझ्या मेंढ्या गेल्या, अमक्यानं मला शिवी दिली. दुपारी पडलं की फोन. शेजारी हळदीकुंकवाला गेल्या की नाना दारात येऊन सांगणार, "अगं, तुझा फोन."

त्यात पुलाचं प्रकरण झालं. त्या जगातल्या नदीच्या अलीकडे पुण्याची मंडळी वस्ती करून होती, पलीकडे नागपूर-अमरावतीची. दोघांनी मिळून दोन महिने खपून एक देखणा दगडी पूल बांधला होता. मग एका सकाळी त्याचा कठडा पडलेला. कुणी पाडला ते सापडेना. दोन्ही काठांवरून आरोप सुरू झाले. कुंदाताईंनी चौकशी केली आणि पुरावा नाही म्हणून कुणालाच शिक्षा केली नाही. लगेच पलीकडच्या एकानं सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: 'ताई पुण्याच्या, त्या पुण्याचंच ऐकणार.'

त्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "रश्मी, आपण तिकडच्या. खरं सांगा. मी असं करते?"

"नाही हो ताई. काहीतरीच."

"तीस वर्षं काउंटरवर बसले. वाटेल ते बोलले लोक. पण माझ्यासमोरची रांग मोडली असं कोणी म्हणालं नाही." मग बोटातली रबरी टोपी काढत, "आणि तेव्हा साडेपाचला घरी जायचे."

पावसाळ्यानंतर नानांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. सोबत असावी म्हणून मी अर्धा दिवस रजा घेऊन गेले. नानांना आत नेलं. आम्ही दोघी बाहेर खुर्च्यांवर. कुंदाताईंच्या मांडीवर पिशवी, पिशवीत मोबाइल. घरच्या फोनवर भागेना म्हणून तोही नंबर आता सगळ्यांकडे गेला होता. तो वाजला. पलीकडचा आवाज इतका मोठा की शेजारच्यांनाही ऐकू गेला.

"ताई, पूल गेला! सगळाच गेला!"

समोरचे एक आजोबा दचकून उठले. "कुठला पूल? संगमाचा?"

"नाही हो, आमचा," कुंदाताई म्हणाल्या, आणि मला "आलेच" म्हणून जिना उतरून खाली गेल्या.

खिडकीतून मला त्या दिसत होत्या. पार्किंगमध्ये स्कूटरच्या रांगेत येरझारा घालत एकाला समजावत होत्या, मग दुसऱ्याला, मग परत पहिल्याला. तेवढ्यात नर्सनं नानांना धरून बाहेर आणलं. एका डोळ्यावर पट्टी. त्यांनी खुर्च्यांच्या रांगेवरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी पुढं झाले.

"ही?"

"फोनवर आहेत. येतीलच."

"हां," म्हणाले आणि बसले.

कुंदाताई आल्या तेव्हा डॉक्टरांचं सांगून झालं होतं, थेंबांची बाटली माझ्या हातात होती. "झालं? दुखतंय का फार?"

नाना म्हणाले, "नाही. एका डोळ्यानं शोधलं तुला. म्हटलं, झाकलेल्या बाजूला असशील."

त्यात राग नव्हता. राग असता तर कुंदाताईंनी सहज परतवला असता. त्यांनी थेंबांची बाटली माझ्या हातातून घेतली. परत येताना रिक्षात पुन्हा फोन वाजला. त्यांनी तो हातात धरून बराच वेळ बघितला. मला वाटलं, आता बंद करतील. त्यांनी घेतला.

त्यानंतर महिन्याभरात एका रविवारी सकाळी नाना जिना चढून आमच्या दारात आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"जरा बोलायचं होतं. हिच्याबद्दल." बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "ही हल्ली टोमणे मारत नाही."

मी हसले. ते हसले नाहीत.

"लग्नाला बत्तीस वर्षं झाली. काल मी भाजीत मीठ जास्त आहे म्हणालो. ही म्हणाली, 'बरं.' नुसतं बरं. मला भीती वाटायला लागली आहे."

त्याच आठवड्यात ओंकारनं नानांकडून माझा नंबर मिळवून मला फोन केला. "रश्मीताई, कुंदाताईंना काय झालंय? मी मुद्दाम एकाचा गोठा पाडला, बघायला. त्यांनी लिहिलं, 'ठीक आहे.' माफीनामा पण नाही मागितला. मला कसंतरीच झालं. मीच परत बांधला."

मी खाली गेले. संगणक सुरू होता. कुंदाताई समोर बसल्या होत्या, पण हात मांडीवर. पडद्यावर एकाखाली एक तक्रारी येत होत्या, त्या वर सरकत होत्या, नाहीशा होत होत्या.

"डॉक्टरांना दाखवलंत का?"

"दाखवलं. रक्त चांगलं आहे, दाब चांगला आहे. आराम करा म्हणाले."

"मग करा ना."

"कसा? पगारी काम असतं तर रजा टाकली असती. फुकटच्या कामाची रजा मागायची कुणाकडे?" कितीतरी दिवसांनी जुन्या कुंदाताई जरा दिसल्या, पण आवाज थकलेला. "मला हा खेळ आवडायचा, रश्मी. खरंच आवडायचा. आता मी तिथं फक्त दुरुस्तीला जाते. आपल्या घरात प्लंबर म्हणून राहावं तसं झालंय."

"बंद करून टाका."

"आणि अकोल्याचा मळा? तो यात आहे." त्यांनी घरघरणाऱ्या डब्यावर तळहात ठेवला. "सकाळी उठले की वाटतं, आज बटण दाबावं. मग एकेकाचं बांधकाम आठवतं. माणसांचा वीट आलाय आणि त्यांच्या घरांची काळजी वाटते. हे काय आहे, सांगा बघू?"

मी उठून चहा टाकला.

शेवटी त्यांनी सगळ्यांना लिहिलं: 'येत्या रविवारी संध्याकाळी आमच्या इमारतीच्या गच्चीवर यावे. सर्व्हरबद्दल बोलायचे आहे.' पुण्यातले होते ते पंचवीस-तीस जण आले. धायरीहून, हडपसरहून. ओंकार मांजरीहून मित्राच्या मोटारसायकलवर आला. वर्षानुवर्षं एकमेकांच्या भिंती फोडलेली माणसं पहिल्यांदाच एकमेकांची तोंडं बघत होती. तुफान तो हा? मला वाटलं, मोठा असशील! हशा, टाळ्या, वडापाव.

मग एकजण उभा राहिला. ताईंनी आम्हाला काय दिलं वगैरे बोलला. दुसऱ्यानं पिशवीतून शाल काढली. श्रीफळ काढलं. वर्गणी काढून आणलं होतं सगळं. कुंदाताईंना खुर्चीवर बसवून त्यांच्या खांद्यावर शाल घातली. फोटो झाले. टाळ्या वाजत राहिल्या.

कुंदाताई टाळ्या थांबेपर्यंत बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "आभारी आहे. आता ऐका. मी थकले आहे. माझ्याच्यानं यापुढं होणार नाही. कोण घेणार?"

सगळे एकदम बोलायला लागले. ताई, तुमच्याशिवाय कसं? तुम्ही नुसतं नाव द्या. थोडे दिवस विश्रांती घ्या आणि मग... माझी परीक्षा आहे. माझं लग्न ठरतंय. माझी कंपनी मला बाहेर पाठवतेय.

कुंदाताईंनी शाल काढली, घडी घातली, मांडीवर ठेवली. "शाली दोन होत्या घरात. ही तिसरी. मला माणूस हवा होता."

कुणी वर बघेना. मागून एक बारीकसा आवाज आला.

"मी घेते. आठवड्यातून एक दिवस. मंगळवार. एकच, त्याच्यापुढं नाही."

सगळे वळले. कठड्याशी एक सावळी, किरकोळ बाई उभी होती. ती अबोली. खरं नाव वैशाली, भंडाऱ्याची, इथल्या एका हॉस्पिटलात नर्स. "आमच्याकडे ड्युटी लागते," ती म्हणाली, "संपली की घरी जायचं असते. नाहीतर माणूस पेशंटवर चिडते. तुम्ही सगळे दिवस एकट्याच करून राहिल्या ताई, म्हणून असं झालं."

कुंदाताई तिच्याकडे बघत राहिल्या. "आपण इतकी वर्षं एक शब्द बोलला नाहीत."

"तुम्हाला आधीच किती जण बोलायचे."

कुंदाताईंचे डोळे भरून आले. तसे ते मी त्या एकदाच बघितले. मग ओंकार म्हणाला, "मी शनिवार घेतो." लगेच कुणीतरी, "चोराच्या हाती..." आणि हशा झाला, पण हात वर यायला लागले. पाच दिवसांना माणसं मिळाली. बुधवार आणि गुरुवार कुणी घेईना. कुंदाताई म्हणाल्या, "मग ते दोन दिवस जग बंद. काही बिघडत नाही."

दुसऱ्या रविवारी ओंकार यंत्र न्यायला आला. रिक्षात धूळ बसू नये म्हणून कुंदाताईंनी ते नव्या शालीत गुंडाळून दिलं. मग अकोल्याला स्वतः फोन करून दोन दिवस बंद असेल हे सांगितलं. देशमुखकाका म्हणाले, "असू द्या ना ताई. मळ्यालाही पाळी असतेच की पाण्याची." हे सांगताना कुंदाताई पहिल्यांदा जराशा हसल्या.

मला वाटलं होतं, चार दिवसांत टवटवीत होतील. तसं झालं नाही. कितीतरी महिने त्या नुसत्या बसून असायच्या. फोन वाजला की खांदे वर जायचे. म्हणून नाना तो उचलायला लागले आणि कुणीही असो, "राँग नंबर" म्हणून ठेवायला लागले. एकदा कुंदाताईंच्या सख्ख्या भावालाही म्हणाले. मी एकदा विचारलं, "आठवण येते का हो?"

"दात काढल्यावर जीभ जाते ना तिथं, तशी. दुखत नाही. पण जाते."

मग एका संध्याकाळी मी जिना चढत असताना आतून आवाज आला, "अहो, मीठ जास्त वाटत असेल तर ताटात पाणी घ्या." मी तशीच जिन्यात उभी राहिले. मला फार बरं वाटलं.

पुढं माझं लग्न झालं, धायरीला घर घेतलं. शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जाणं होत नाही. सर्व्हर आणखी दोन-तीन वर्षं रडतखडत चालला म्हणे, आणि मग सगळ्यांचीच पांगापांग झाली. मळ्याची प्रत मात्र ओंकारनं आधीच काढून अकोल्याला पाठवली होती.

मागच्या हिवाळ्यात आळंदी रस्त्याला काम निघालं, म्हणून कुंदाताईंकडे गेले. नानांनी दार उघडलं. कुंदाताई आत संगणकासमोर, पाठमोऱ्या, केस सगळे पांढरे. "या, या, बरोबर वेळेला आलात," त्या मागे न बघताच म्हणाल्या, "मला दम भरताहेत."

पडद्यावर तसलाच ठोकळ्यांचा खेळ होता, पण सर्व्हर दुसऱ्याच कुणाचा. तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. त्यांनी नदीकाठी झाडं लावली होती आणि ती दुसऱ्याच्या जमिनीत गेली होती. खाली तिथल्या व्यवस्थापकाचा निरोप होता. त्यांनी तो मला चष्मा सावरून मोठ्यानं वाचून दाखवला. "'तुमी दुसऱ्याच्या जागेत झाडं लावली. काडून टाका नाईतर बाहेर काडीन.' दोन्हीकडे ढ हवा. असो. मुद्दा बरोबर आहे."

त्यांनी एकेक झाड काढलं. मग एका बोटानं सावकाश लिहिलं, 'काढली. चूक माझी होती. आपण जेवलात का?'

नाना चहा घेऊन आले. मग एक ओळ उमटली. 'नाही अजून. कोणी विचारलं नाही असं कधी.'

'मग उठा आधी,' कुंदाताईंनी लिहिलं, 'तोवर आम्ही भांडत नाही.'

थोड्या वेळानं पडद्याच्या कोपऱ्यातलं ते नाव विझलं. कुंदाताईंनी मान हलवली, आणि चहाचा कप जवळ ओढला.